श्री. एल-वन यांस अनावृत पत्र

प्रति,
श्री. एल-वन साहेब,
नोंदणीकृत शासकीय कंत्राटदार,
मुक्काम पोस्ट : निविदेच्या तुलनात्मक तक्त्यातली पहिली, सर्वांत कमी दराची ओळ.



सर्वप्रथम अभिनंदन. आमच्या तालुक्यातल्या नव्या शाळा-इमारतीचं काम आपल्यालाच मिळालं म्हणे. अंदाजपत्रकापेक्षा सत्तावीस टक्के बिलो! ही बातमी टपरीवर पोचली तेव्हा एक निवृत्त ओव्हरसियर बशीत चहा ओतता ओतता म्हणाले, 'माणूस धाडसी आहे.' धाडसी तर आपण आहातच. नदीवरच्या पुलाचं काम अजून अर्धवट असताना शाळा घ्यायची म्हणजे छाती लागते. आपलं खरं नाव मी इथे लिहीत नाही. एक तर अब्रूनुकसानीचा दावा लढायची माझी ऐपत नाही, आणि दुसरं म्हणजे नावानं काही बिघडत नाही. पाण्याच्या टाकीला दुसऱ्याचं नाव होतं, वसतिगृहाला तिसऱ्याचं. तक्त्यात सगळे एल-वनच.

एक हिशेब मात्र माझ्या डोक्यात शिरत नाही, तेवढा समजावून सांगावा. अंदाजपत्रक बनतं सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दरसूचीवरून. त्या दरात सिमेंट, सळई, खडी, क्रश सँड, वाहतूक, यंत्रांचं भाडं हे सगळं धरलेलं असतं. कंत्राटदाराचा नफा धरलेला असतो, आणि गवंडी, फिटर, बिगारी यांची मजुरीही धरलेली असते. आता सिमेंटची गोणी आपल्याला पाहून सत्तावीस टक्क्यांनी उतरत नाही. सळईवाला उधारी देईल, पण व्याज लावून. पंपावर 'एल-वन आलेत, डिझेल खाली घ्या रे' असं कुणी म्हणत नाही. गौण खनिजाची रॉयल्टी ठरलेली, जीएसटी ठरलेला, बांधकाम कामगारांच्या नावानं कापायचा एक टक्का उपकर ठरलेला. आणि जे टक्के कुठल्याच कागदावर नसतात, टेबलागणिक मोजायचे असतात, ते तर बिलो जायचं नावच घेत नाहीत. मग खाली येतं काय? दोनच गोष्टी उरल्या, माल आणि माणूस. मालाची निदान चाचणी तरी होते. काँक्रीटचा ठोकळा प्रयोगशाळेत नेऊन दाबून पाहतात, किती दाबाला फुटतो ते लिहून ठेवतात. माणूस किती दाबाला फुटतो हे बघायचं यंत्र कुठल्याच उपविभागात बसवलेलं नाही.

समजा, शंभर रुपयांच्या कामात पंचवीस मजुरीचे आहेत. आपण सत्तावीस खाली आलात. म्हणजे साइटवरच्या यच्चयावत माणसांनी फुकट घाम गाळला, तरी दोन रुपये आपल्याला खिशातून घालावे लागणार. एवढा दानशूर माणूस कर्णानंतर आपणच. आयजीच्या जीवावर बायजी उदार, असं आमच्या आजीच्या पिढीतल्या बायका म्हणत. त्यांना ई-निविदा म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, पण आपली ओळख त्यांना आधीच झालेली दिसते.

मध्यंतरी बसस्टँडजवळच्या एटीएममध्ये आपले पुलावरचे मुकादम भेटले. भेटले म्हणजे मी त्यांच्या मागे रांगेत होतो. पुढे एकच माणूस, दोन मिनिटांत होईल असं वाटलं. त्यांनी पिशवीतून रबरबँड लावलेला कार्डांचा गठ्ठा काढला. प्रत्येक कार्डाच्या पाठीवर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर बॉलपेननं चार आकडे आणि नाव. एकावर 'सुनीता' होतं, दुसऱ्यावर 'सुनीताचा नवरा'. कार्ड घालायचं, आकडे दाबायचे, नोटा मोजायच्या, कार्ड गठ्ठ्याच्या तळाला. मागे रांग दारापर्यंत गेली. कुणी तरी कुरकुरलं, तेव्हा मुकादम मागं वळून अत्यंत सौजन्यानं म्हणाले, 'पगार आहे हो पोरांचा, गरिबांचा.' रांग गप्प झाली. गरिबांच्या पगाराला कोण हरकत घेणार?

साहेब, ही योजना ज्याच्या डोक्यातून निघाली त्याला नमस्कार सांगा. पगार बँकेत गेला पाहिजे अशी अट आहे ना? गेला. किमान वेतनाच्या दरानंच गेला पाहिजे? पै न् पै त्याच दरानं गेला. खातेउतारा कुणीही मागवावा. तो पगार त्याच दिवशी खात्यातून निघून मुकादमाच्या पिशवीत येतो, आणि पिशवीतून सुनीताच्या हातात काय पडतं, हे कुठल्याच उताऱ्यात येत नाही. उचल वळती, खाडे वळते, रेशन वळतं, दवाखान्याचे वळते. पुलाखालच्या पत्र्याच्या खोल्यांशी एकदा एका बाईला विचारलं. ठरले किती हे तिला पाठ होतं, हातात येतात किती तेही. मधला फरक? 'तो हिशोबात हाय.' आणि हिशोब कधी? 'गावी जाताना.' गावी कधी जाणार, ते मुकादमाला विचारायचं.

मग मी माहितीच्या अधिकारात पुलाच्या कामाचा हजेरीपट आणि पगारवाटपाच्या नोंदवहीची प्रत मागितली. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला होता, तो वाया गेला असं म्हणवत नाही, कारण उत्तर वाचनीय होतं. माहिती कंत्राटदाराकडील असल्यानं या कार्यालयाच्या अभिलेखात उपलब्ध नाही. आता गंमत पाहा. कंत्राटी कामगारांच्या १९७० च्या कायद्यानं मुख्य नियोक्त्याचा, म्हणजे इथे सरकारचा, माणूस पगारवाटपाला हजर ठेवायला सांगितला होता. पैसे माझ्यासमोर दिले, असं त्यानं सही करून प्रमाणित करायचं. कंत्राटदारानं पगार बुडवला तर सरकारनं आपल्या खिशातून द्यायचा आणि नंतर कंत्राटदाराच्या बिलातून वळता करायचा, हेही त्याच कायद्यात. म्हणजे ज्या कार्यालयानं डोळ्यांनी पाहून सही करायची, तेच म्हणतं की आमच्याकडे कागद नाही. आपलं आणि त्यांचं गोत्र जुळतं, हे आम्हाला पत्रिका न पाहता कळलं.

तो कायदा वीस कंत्राटी कामगार असले की लागू व्हायचा. मग व्यवसायसुलभता आली आणि महाराष्ट्रानं वीसचे पन्नास केले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या केंद्राच्या कामगार संहितांतही कंत्राटी कामगारांच्या प्रकरणाला पन्नासाचाच उंबरठा आहे. आपण एक काम चार पेटी कंत्राटदारांत वाटता, आणि योगायोग असा की प्रत्येकाकडे अठ्ठेचाळीसच माणसं निघतात. एकोणपन्नासावा माणूस आजारी पडला असेल.

या विद्येत आपण पहिले नाहीत, म्हणून आपल्या घराण्याची थोडी वंशावळ सांगतो. दिल्लीत १९८२ च्या एशियाडसाठी उड्डाणपूल आणि स्टेडियम उभी राहत होती. काम केंद्र सरकारचं, दिल्ली विकास प्राधिकरणाचं, नवी दिल्ली नगरपालिकेचं. माणसं मात्र जमादारांनी राजस्थान, उत्तर प्रदेश, ओरिसातून आणलेली. किमान वेतन होतं दिवसाला ९ रुपये २५ पैसे. कंत्राटदार ते इमानेइतबारे जमादाराला देत आणि जमादार माणशी एक रुपया आपलं कमिशन म्हणून ठेवून घेई. बायकांच्या हातात सातच रुपये पडत. पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्सनं न्यायमूर्ती पी. एन. भगवतींना पत्र लिहिलं आणि सर्वोच्च न्यायालयानं ते पत्रच याचिका मानलं. सरकारी बाजू काय होती, ठाऊक आहे? कायदा मोडला असेल तर तो कंत्राटदारांनी, आमचा काय संबंध! न्यायालयानं हे ऐकून घेतलं नाही. किमान वेतनापेक्षा कमी पैशांत राबवणं म्हणजे घटनेच्या २३ व्या कलमानं बंद केलेली वेठ, आणि ती थांबवणं सरकारचंच काम, असा निकाल दिला. पुढच्याच वर्षी राजस्थानच्या दुष्काळी कामांचा खटला आला. हे तर मदतकार्य आहे, इथे किमान वेतन कसलं, हा युक्तिवादही बुडाला. दुष्काळी कामावर खडी फोडलेले लोक आमच्या गावात अजून आहेत. मदत कुणी कुणाला केली, यावर त्यांचं मत वेगळं पडेल.

चाळीसहून जास्त वर्षांपूर्वीच्या त्या जमादाराकडे एटीएम कार्डं नव्हती. एवढी एक प्रगती आपल्या खात्यावर जमा धरायला हवी.

घराण्याची आणखी जुनी शाखा अमेरिकेत सापडते. १९२७ च्या सुमारास न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर माजी सैनिकांसाठी सरकारी रुग्णालय बांधायचं होतं. काम गेलं दूरच्या अलाबामातल्या एका कंत्राटदाराला, कारण उघड आहे, तो एल-वन. तो येताना मजूरही अलाबामातूनच घेऊन आला आणि तिथल्या चालू दरापेक्षा कितीतरी स्वस्तात त्यांना कामाला जुंपलं. त्या भागाचे खासदार रॉबर्ट बेकन खवळले. त्यांनी आणि सिनेटर जेम्स डेव्हिस यांनी लावून धरलेल्या कायद्यावर ३ मार्च १९३१ रोजी राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांनी सही केली. केंद्र सरकारच्या बांधकामावर, त्या भागात त्या कामाला जो दर चालू आहे त्याहून कमी द्यायचा नाही, एवढाच त्याचा गाभा. १९३५ पासून हा डेव्हिस-बेकन कायदा दोन हजार डॉलरच्या वरच्या कंत्राटाला लागतो आणि तो आकडा तिथल्या एल-वनांनी कितीही आदळआपट केली तरी आजवर वाढलेला नाही. आमच्याकडे विसाचे पन्नास करायला कुणी आदळआपट केल्याचंही ऐकिवात नाही.

या गोष्टीला एक काळी किनार आहे, ती लपवत नाही. अलाबामातून आणलेले मजूर कृष्णवर्णीय होते, आणि बेकन यांच्या बाजूनं बोलणाऱ्या काहींना मजुरीच्या चोरीपेक्षा त्यांच्या रंगाचाच जास्त त्रास होत होता. आपल्याला हे वाचून बरं वाटेल, कारण आमच्याकडेही तीच खोड आहे. झारखंडची, मालद्याची, गुलबर्ग्याची माणसं पुलावर दिसली की आमचे भूमिपुत्रांचे कैवारी त्या माणसांवर धावून जातात. त्यांना भरून आणणारा ट्रक कुणी पाठवला हे कुणी विचारत नाही. आपण तर तोवर कैवाऱ्यांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर हात जोडून उभे असता. झारखंडच्या फिटरला आणि यवतमाळच्या फिटरला एकच दर पुरा द्यावा लागला, तर तो ट्रक तिकडून आणण्यात आपल्याला किती गोडी राहील? ज्याला यायचंय तो येईलच, पण पुऱ्या दामावर येईल. कैवाऱ्यांचा एक विषय मात्र कमी होईल, ही अडचण मान्य.

आता मूळ मुद्द्यावर येतो, ज्यासाठी पोस्टाचा खर्च सोसतोय. मजुरीचा चालू दर सरकारी कामावर सक्तीचा करा, असं म्हटलं की आपण लगेच विचारता, सरकारी कामावर म्हणजे नेमकं कुठं? पुलाच्या कुंपणाच्या आत? छान. पण पूल काही कुंपणाच्या आत बनत नाही. खडी येते क्रशरवरून. तिथल्या माणसाच्या भुवया मी कधी काळ्या पाहिल्या नाहीत, दिवसभराच्या भुकटीनं त्या पिठासारख्या झालेल्या असतात. काँक्रीट येतं आरएमसी प्लँटमधून, आणि ते आणणारा मिक्सरचा ड्रायव्हर रात्रपाळी संपवून पुन्हा सकाळच्या फेरीला निघालेला असतो, कारण माल घट्ट व्हायच्या आत पोचवायचा असतो. गर्डर कास्टिंग यार्डात ओतले जातात. शाळेच्या विटा येतात भट्टीवरून, जिथे नवराबायकोची जोडी लावतात आणि मोजताना एकच नाव लिहितात. वळणावर लाल कापड घेऊन उभा असलेला म्हातारा, रात्रीचा वॉचमन, स्लॅबला पाणी मारणारी बाई. ही माणसं कुणाच्याच हजेरीत नसतात. कुणाच्या हजेरीत? तर क्रशरवाला म्हणतो मी पुरवठादार, आरएमसीवाला म्हणतो आम्ही उत्पादक, पेटीवाला म्हणतो ही माणसं मुकादमाची, मुकादम म्हणतो आपण सगळे एकाच घरचे.

कॅलिफोर्नियात हीच पळवाट बुजवली. सरकारी कामावर तयार काँक्रीट घेऊन येणाऱ्या मिक्सरच्या ड्रायव्हरलाही चालू दर लागू करणारा कायदा तिथे २०१५ मध्ये झाला. ड्रायव्हर कुंपणाबाहेरून येतो हे कायदेमंडळाला दिसत होतंच. त्याच्या ड्रममधलं काँक्रीट शेवटी सरकारी पायात जातं, हेही दिसलं. आपल्याकडे वेतन संहितेनं किमान वेतन सगळ्याच कामगारांना लागू केलं आहे, म्हणजे कागदावर तरी क्रशरवालाही आत आला. पण कागदाची अंमलबजावणी मागायची कुणाकडे? पूल सरकारचा, म्हणून सरकारकडे, असं उत्तर कंत्राटातच छापून का येऊ नये? ज्याचा माल या कामात गेला, त्या प्रत्येकाच्या माणसांची हजेरी बिलासोबत लावा. खडीचे ब्रास आपण अचूक मोजून लावता, विटांचे नगही. माणसं मोजायला कसला संकोच?

आपली ठरलेली उत्तरं मला ठाऊक आहेत, म्हणून टपालखर्च वाचवतो. पहिलं, मजुरी वाढवली तर काम महाग होईल. साहेब, मजुरी वाढवा असं कोण म्हणतंय? दरसूचीत जी धरली आहे, जी सरकार आपल्याला देतं, तेवढीच पोचती करा. दुसरं, हा करदात्यांचा पैसा आहे, जपून वापरायला हवा. मी कर भरतो. सुनीताच्या मजुरीत काटछाट करून माझ्या घरी काही आलेलं नाही. ते पैसे कुठल्या फार्महाऊसच्या पेव्हिंग ब्लॉकमध्ये गेले ते आपल्याला जास्त माहीत. उलट पगार थकला की टोळी एका रात्रीत पत्रे सोडून निघून जाते, काम महिनोन् महिने रखडतं, मुदतवाढ लागते. तिसरं उत्तर तर आपलं लाडकं, मजूरच मिळत नाहीत हो हल्ली. वाक्य अर्धवट आहे. आपण देता त्या पैशांत मिळत नाहीत, असं पुरं बोला.

माझी सूचना साधी आहे आणि आपल्यासाठी नाही, आपल्याला निवडणाऱ्यांसाठी आहे. मजुरीची रक्कम निविदेच्या स्पर्धेतून बाहेर काढा. अंदाजपत्रकातला मजुरीचा भाग जसाच्या तसा, एक पैसा बिलो नाही. धाडस दाखवायचं ते उरलेल्या रकमेवर दाखवा. यंत्रं चांगली वापरा, नासधूस कमी करा, नफा कमी घ्या, आणि मग पन्नास टक्के खाली या, हार घालायला मी स्वतः येईन. आणि कामाच्या फलकावर एक ओळ वाढवा. सध्या तिथे कामाचं नाव असतं, रक्कम असते, आपलं नाव असतं, दोषदायित्व कालावधी असतो. रस्त्याला खड्डा पडला तर काही वर्षं आपण जबाबदार. त्याखाली गवंड्याचा, फिटरचा, बिगाऱ्याचा दिवसाचा दर मोठ्या अक्षरांत रंगवा. मजुरीचे दर कामाच्या जागी, मजुरांना कळेल अशा भाषेत लावायचे, हा नियम जुनाच आहे. तो आपल्या ऑफिसच्या कपाटामागे लावला असेल तर गोष्ट वेगळी.

हे परदेशी खूळ आहे असं म्हणायला आपण तोंड उघडाल, म्हणून आठवण देतो. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं, आणि केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागही त्याच खात्याखाली होता. किमान वेतनाचं विधेयक १९४६ मध्ये त्यांच्याच कारकिर्दीत मांडलं गेलं. कायदा १९४८ चा. बांधणारं खातं आणि बांधणाऱ्याच्या पोटाचं खातं तेव्हा एकाच टेबलावर होतं. आता त्यांच्यात फायली जातात, आणि फायली कशा जातात ते आपल्याइतकं कुणाला कळणार? सरकारी कंत्राटांतल्या मजुरीसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १९४९ मध्येच ९४ व्या क्रमांकाचा करार केला. त्याला भारतानं अजून मान्यता दिलेली नाही. तिथेही आपलाच माणूस बसला असेल असा मला संशय आहे, पण पुरावा नाही, तेव्हा सोडून देतो.

एक विनंती व्यक्तिगत आहे. बांधकाम कामगारांच्या कल्याणकारी मंडळात नाव घालायला मजुराला वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तो आपण द्यायचा असतो. पुलावर अडीच वर्षं काढलेली माणसं हा दाखला मिळवायला सध्या तिऱ्हाईताकडे पैसे मोजतात आणि मग भांड्यांच्या संचासाठी रांगेत उभी राहतात. आपल्या सहीचा भाव बाजारात काय चाललाय हे आपल्या कानावर असावं, म्हणून लिहिलं.

कळावे, लोभ आहेच, तो आपल्याकडेच जास्त आहे.

आपला,
तक्त्यात कुठेच नसलेला एक ग्रामस्थ

ता. क. : पुलाचं काम लांबल्यामुळे आपण भाववाढ कलमाखाली जादा रक्कम मागितल्याचं समजलं. त्या सूत्रात मजुरीचाही वाटा असतो. ग्राहक किंमत निर्देशांक चढला, सबब मजुरी महागली, असं धरून तो काढतात. रक्कम मंजूर होईलच, शंका नको. फक्त या काळात आपण पुलावर मजुरी कितीनं वाढवली, तो कागद बिलाला जोडायचा राहिलेला दिसतो. मी पुन्हा दहा रुपयांचा स्टॅम्प लावला आहे.